घरात नाही, पण पाळीत

"जपानी माणसं परक्याला आपलं म्हणतात का हो?" परत आल्यापासून हे इतक्यांनी विचारलंय की, उत्तर देण्याआधी मी समोरच्याला किती वेळ आहे ते बघते. घाई असली तर "नाही" म्हणून मोकळी होते. तुम्हाला वेळ आहे असं धरून सांगते.

आम्ही राहायचो हामामात्सुमध्ये. टोकियो आणि ओसाकाच्या साधारण मध्यावरचं शहर, सुझुकी आणि यामाहाचं गाव. १९९० साली कायदा बदलला आणि ब्राझीलमधले जपानी वंशाचे लोक तिथल्या कारखान्यांत कामाला येऊ लागले, त्यामुळे परकी तोंडं गावाला नवी नव्हती. तरीही घर शोधून देणाऱ्या दलालाने फोनवर आमचं नाव सांगितलं की पलीकडून नकार यायचा. इतका अदबशीर, की तो नकार होता हे मला फोन ठेवल्यावर कळायचं. हे आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. तिथल्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये परदेशी रहिवाशांची एक पाहणी जाहीर केली. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता. "किती गोड लोक!" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं.

घर मिळालं एकदाचं. शेजारी वाकून नमस्कार करायचे, थंडीवाऱ्याचं दोन वाक्यं बोलायचे आणि दार लावून घ्यायचे. आत या, असं कुणी म्हटलं नाही.

मग एका सकाळी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. कचऱ्याच्या जागेची त्या आठवड्याची पाळी आमची! जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा नेत. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून वर जाळं टाकायचं, गाडी गेली की जागा झाडायची, जाळं घडी करून ठेवायचं आणि आठवडा सरला की पाटी पुढच्या दाराला. हिवाळ्यात तिथे जो कोरडा वारा सुटतो, त्यात एकटीने जाळं पसरणं म्हणजे गच्चीवर उडत्या साडीला निऱ्या घालणं. पलीकडच्या आजी खिडकीतून बघत होत्या. बाहेर आल्या, पाण्याने भरलेल्या चार बाटल्या जाळ्याच्या कोपऱ्यांवर ठेवल्या आणि गेल्या. एक शब्द नाही. बाटल्या मात्र कायमच्या तिथेच राहिल्या.

आपल्याकडे म्हणतात, शिस्त त्यांच्या रक्तातच आहे. रक्तात कसली, ती त्या पाटीवर असते.

पाटीमागून वस्तीच्या मंडळाचं फिरतं पत्रक आलं. चिमट्याच्या पुठ्ठ्याला लावलेले कागद आणि त्यावर सगळ्या घरांच्या नावांची यादी. वाचायचं, नावापुढे शिक्का मारायचा किंवा सही करायची आणि पुढच्या घरी पोचवायचं. यादीत आमचं आडनाव होतं, जपानी लिपीत, थोडं वेडंवाकडं झालेलं. मे महिन्यात ३ ते ५ तारखेला तिथे पतंगांचा उत्सव असतो. प्रत्येक वस्तीचा स्वतःचा पतंग, स्वतःचा अंगरखा. त्या पुठ्ठ्यावरून आधी अंगरख्याची मापं विचारणारा कागद आला, मागोमाग वर्गणीचा. वर्गणीचा कागद बघून मला फार बरं वाटलं, का ते तुम्हाला सांगायला नको.

पण खरं कळलं ते भूकंपाच्या कवायतीत. हामामात्सु ज्यात येतं तो शिझुओका प्रांत मोठ्या भूकंपाची वाट बघत जगतो. त्यासाठीचा खास कायदा १९७८ चा. ७ डिसेंबर १९४४ ला तिथे मोठा भूकंप झाला होता, म्हणून दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वस्तीवस्तीत सराव असतो. मैदानात जमायचं, आग विझवून बघायची, मोठ्या पातेल्यात भात शिजतो तो खायचा. त्याआधी हजेरी. मी आणि मुलगा उभे होतो, नवरा कारखान्यात. मंडळाच्या प्रमुखांनी यादीवर बोट ठेवलं. तिसरा माणूस कुठे? कामावर, म्हटलं. कुठल्या कारखान्यात? किती वाजता येतात? पेन्सिलीने सगळं लिहून घेतलं आणि मगच पुढच्या घराचं नाव पुकारलं. तोवर चाळीसेक माणसं त्या वाऱ्यात गुपचूप उभी. उद्या घर पडलं तर ढिगाऱ्याखाली किती जणांना शोधायचं, हे त्यांना नक्की हवं होतं. त्यात माझा नवरा मोजलेला होता.

याला आपलं म्हणणं म्हणतात का, तुम्हीच ठरवा. माझ्या सासूबाईंच्या मते नाही, कारण चहा विचारला नाही. मला वर्षभराने चहाची आठवण येईनाशी झाली. खूप एकटं वाटायचे दिवस होते, ते नाकारत नाही. विशेषतः मुलाला ताप असायचा तेव्हा. पण परकं वाटणं आणि एकटं वाटणं यात फरक असतो, आणि पहिलं बरंच कमी झालं होतं.

निघायच्या आठवड्यात भांडी बांधत होते, तेव्हा पलीकडच्या आजी पहिल्यांदाच बेल वाजवून दारात उभ्या राहिल्या. वाटलं, निरोप घ्यायला आल्या. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि विचारलं, पुढच्या महिन्यातली तुमची पाळी कुणाच्या नावावर घालायची?