अव्वानं मला शुभांगी म्हटलं

आज अव्वानं, माझ्या आईनं, मला शुभांगी म्हणून हाक मारली.

दादाकडं बैठक होती. मुलीकडची माणसं आलेली, बाहेरच्या खोलीत देण्याघेण्याचं बोलणं चाललेलं, आणि आतून अव्वाचा आवाज आला, "शुभांगी, त्या बशा आण गं इकडं." मी बशा घेऊन गेले. तिनं त्यांत शेंगापोळीचे तुकडे मांडले, वर तूप सोडलं, आणि मी त्या बाहेर नेऊन दिल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? दादा शुभांगीच म्हणतो, वहिनी शुभाताई म्हणते, पोरं शुभाआत्या म्हणतात. एकटी अव्वा म्हणत नव्हती. तिच्या तोंडी मी सुगला, लाडात आली की सुगली आणि चिडली की सुगलाबाई.

रिक्षा सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला येईपर्यंत मी गप्प होते. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? तुझंच नाव आहे ते." बरोबर आहे त्यांचं. झोप मात्र येईना, म्हणून वही काढली.

आधी वाटलं, पाहुण्यांसमोर म्हणून म्हणाली असेल. पण पाहुण्यांचा मुलाहिजा ठेवणं अव्वाच्या स्वभावात नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाई आमच्याकडं आल्या तेव्हा हिनं भरल्या घरात "सुगले, वाढायला घे" म्हणून आवाज दिला होता. सासूबाई हसत म्हणाल्या, "आता शुभांगी म्हणायची सवय करा विहीणबाई." अव्वा म्हणाली, "तुम्ही म्हणा की. मी कशाला म्हणू?" त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढं कितीदा ते वाक्य आठवून मला सासरी बळ आलं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

वय झालं म्हणावं, तर तिला अजून दुधाचा हिशोब तोंडपाठ असतो. दादानं सांगितलं असेल का, की आज तरी नीट हाक मार? दादा असं सांगेल. पण ऐकेल ती?

मग का म्हणाली?

मी गड्ड्यातली, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेतली पोर. भोगीच्या दिवशी जन्मले. घरातले सगळे पुरुष पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागं गेलेले, गल्ली रिकामी, आणि आज्जी अव्वाजवळ. आज्जीचा अक्षता सोहळा, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न, त्या वर्षी हुकला. तिच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. अप्पा रात्री परतले तेव्हा त्यांच्या बाराबंदीच्या घड्यांत संमती कट्ट्यावरच्या अक्षता अडकलेल्या होत्या. आज्जीनं त्यांना दारातच उभं केलं, एकेक दाणा वेचला आणि माझ्या डोक्यावर टाकला. म्हणाली, "हिचं नाव सुगला."

आत्यानं वैशाली ठरवलं होतं. पाळण्यात घालताना कानात कुर्र करायचा मान आत्याचा, पण आज्जीपुढं कुणाचं चालणार? आमच्या गल्लीत सिद्धाराम होते, सिद्धप्पा होते, मल्लिनाथ, रेवणसिद्ध, एका घरात तर थोरला सिद्धेश्वर आणि धाकटा सिद्धाराम. आज्जी म्हणायची, देवाचं नाव सगळेच ठेवतात, देवाच्या आईचं कोण ठेवतं? सिद्धरामेश्वरांची आई सुग्गलादेवी. म्हणून मी सुगला. शाळेत सगळ्या वैशाली, स्वाती, मनीषा, आणि हजेरीत माझं नाव आलं की मागच्या बाकावरून हसू. तेव्हा मी आज्जीवर किती रागावले असेन. ती फक्त म्हणायची, "सुगली, इल्ली बा," म्हणजे इकडं ये, आणि मांडीवर घेऊन तीच गोष्ट परत सांगायची, अर्धी कानडीत, अर्धी मराठीत.

गुरं राखणारा मुका-मुका पोरगा, सिद्धराम. शेतात मल्लय्या, श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, जंगमाच्या रूपात येतो, हुरडा मागतो, हुरडा खाऊन झाल्यावर दहीभात मागतो. पोरगा घरी पळतो, आईकडून दहीभात घेऊन येतो, बघतो तर मल्लय्या नाही. मग तो "मल्लय्या, मल्लय्या" अशा हाका मारत रानोमाळ फिरतो आणि फिरत फिरत श्रीशैलाला पोचतो. सगळ्या सोलापूरला ही गोष्ट ठाऊक आहे. पुढं तो परत येतो, तलाव खोदतो, अडुसष्ट लिंगं स्थापन करतो. वचनं लिहितो तेव्हाही शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' असंच घालतो, ज्याला हाका मारल्या त्याचंच नाव. पण आज्जीला पुढं जायची घाई नसायची. ती दहीभातापाशी थांबायची. "पोरगं हाका मारत गेलं. आणि तिनं काय केलं असेल? भात बांधून दिला, पोर आत्ता येईल म्हणून वाट बघत बसली, आणि संध्याकाळ झाली. मग ती दारात उभी राहून हाका मारत बसली असेल की नाही?" हे पोथीत नाही. हे आज्जीचं.

माझं नाव त्या बाईचं आहे. हाका मारणाऱ्या बाईचं.

आणि मला त्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं. आज्जी गेली, अप्पा गेले, आत्या जाऊनही बरीच वर्षं झाली. शाळेतल्या मैत्रिणी भेटतात, पण त्या आता माझ्याशी अहोजाहो करतात. कधी कस्तुरबा मंडईत भाजी घेताना मागून कुणी "सुगला" म्हणेल का, असं मनात येतं. कुणी म्हणत नाही.

लग्नात ताट आणलं होतं, त्यात तांदूळ पसरले होते. मामंजींनी तळहातानं ते सारखे केले, ह्यांनी अंगठी बोटातून काढली आणि लिहिलं. मी बाजूला मुंडावळ्या सावरत बघत होते. शु नीट आला. भां लिहिताना अनुस्वाराच्या जागी दाणे घरंगळले, तर कुणीतरी बोटानं दाबून टिंब केलं. सगळ्यांनी वाकून वाचलं, साखर वाटली, फोटो काढला. मग ते तांदूळ गोळा करून पिशवीत ओतले. एवढं लक्षात आहे, की त्या ताटाकडं अव्वा आलीच नाही. जेवणाच्या पंक्तीकडं होती असं ती म्हणते. पंक्ती बसायला तेव्हा अवकाश होता.

कुणी मला विचारलं नाही. तेव्हा कुणीच कुणाला विचारत नव्हतं.

दहावीच्या गुणपत्रिकेवर सुगला आहे. बाकी सगळीकडं शुभांगी, त्यासाठी राजपत्रात छापून आणावं लागलं. मधल्या काळात एकाच कागदावर माझी दोन्ही नावं शेजारी शेजारी आली, 'शुभांगी ऊर्फ सुगला', आणि तो कागद होता हक्कसोडपत्र. वाड्याचं. सही करताना मी ऊर्फच्या पुढचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. तो विषय आज नको.

ताईच्या मुलीला बाळ झालं तेव्हाही असंच काहीसं मनात आलं होतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. सरकारचा नियमच झाला. आनंद झाला मला, अगदी मनापासून. बाळाचा दाखला हातात घेऊन पाहिला. पोरीचं नाव होतं त्यावर, सासरी ठेवलेलं. आम्ही तिला बाळंतपणाला आणलं तेव्हा ज्या नावानं दृष्ट काढली, ते नाव त्या दाखल्यावर कुठंच नाही. ती म्हणाली, "मावशी, चालतं गं." मी पण त्या वयात असंच म्हणत होते.

शाळेत पोरांना आपल्या गावाबद्दल सांगताना मला नेहमी हुरूप येतो. सोळा गावांचं सोलापूर हे सगळ्यांना माहीत असतं. मी सांगते, तसं नाही रे, सिद्धरामेश्वरांच्या वेळी ही सोन्नलगी होती. मोहोळ तालुक्यात कामतीला लेख सापडला, शके १२३८ चा, त्यात सोनलीपूर आहे. किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, विहिरीवरच्या लेखात संदलपूर. इंग्रजांनी शोलापूर केलं. पोरं खूश होतात. एवढी नावं झाली तरी तलाव तिथंच आहे, किल्ला तिथंच आहे. आज रात्री हेच स्वतःला सांगून बघितलं. थोडा वेळ बरं वाटलं. पण गावाला काय, संध्याकाळी दारात येऊन कुणी सोन्नलगी म्हणून हाक मारत नाही, की त्या हाकेवाचून गावाचं अडत नाही.

अक्षता सोहळ्यात आपण सगळे हजारोंनी उभे राहतो, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणतो, आणि योगदंडाशी लग्न लागलेल्या त्या मुलीवर अक्षता टाकतो. तिला कुंभारकन्या म्हणतो. आज्जीच्या गोष्टीतही तिला नाव नव्हतं. लहानपणी मी विचारलं होतं, तिला घरी काय म्हणायचे? आज्जी म्हणाली होती, "तिच्या आईला माहीत."

हे लिहिलं आणि हात थांबला.

अव्वाचं नाव कमलाबाई. आमच्या रेशनकार्डावर कमलाबाई, मतदार यादीत कमलाबाई, शेजारच्या सगळ्या कमलाकाकू म्हणतात. माहेरी ती नागव्वा होती. हे मला कधी कळलं तर मामाकडून. मामा तिला नागी म्हणायचा. अक्कलकोटहून यायचा, दाराबाहेरूनच "नागी, हाइस का?" म्हणून ओरडायचा आणि अव्वा असेल तिथून पीठ लागल्या हातांनी धावत यायची. मामा जाऊन आता वर्ष होत आलं. दिवसकार्याला गेलो होतो, तिथं तिला सगळ्यांनी कमलाक्का म्हटलं. परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, "झालं. आता त्या नावाचं कुणी राहिलं न्हाई." मला वाटलं, भावाबद्दल बोलतेय. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, अव्वा, त्रास करून घेऊ नको.

ती स्वतःबद्दल बोलत होती.

म्हणजे मला आज जे झालं ते तिला वर्षापूर्वी झालं, आणि ती कुणाजवळ काही बोलली नाही. तिला ठाऊक आहे हे कसं असतं. मग तिनं मुद्दाम केलं का आज? आपण गेल्यावर पोरीला एकदम जड जाऊ नये म्हणून आत्तापासून? असं ती करू शकते. अप्पांच्या आजारपणात तिनं सहा महिने आधी पांढरी साडी आणून ठेवली होती, आम्हाला नंतर कपाटात सापडली. किंवा असं काहीच नसेल. बशा हव्या होत्या, घाई होती, कानावर दिवसभर शुभांगी शुभांगी पडत होतं, तेच तोंडात आलं. हेही होऊ शकतं. तिला विचारलं तर म्हणेल, "मी? कवा म्हटलं?"

मी ती हाक परत परत आठवून बघते आहे. अव्वाला श आणि स वेगळे काढायचा कंटाळा. ती 'सुभांगी' म्हणाली, शेवटचा 'गी' लांबवून, कानडी माणूस लांबवतं तसा. सुगलीतला 'ली' ती असाच लांबवते. इतकी वर्षं हे नाव मी सासरच्या तोंडून ऐकलं, शाळेत ऐकलं, बँकेत ऐकलं. पोरांच्या आजारपणात डॉक्टरांनी ह्याच नावानं बोलावलं, हेडबाईंनी ह्याच नावानं शाबासकी दिली, माझ्या पोरांच्या दाखल्यांवर आई म्हणून हेच आहे. ते काही परक्याचं नाव राहिलेलं नाही. पण ते माहेरच्या हेलात कधी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. वाईट वाटलं म्हणून लिहायला बसले होते, आणि आता नीट आठवते तर वाटतं, त्या हाकेत माझ्यापासून काही काढून घेतल्यासारखं नव्हतं. तिनं ते नाव घेतलं, तिच्या जिभेवर घोळवलं आणि माझ्या हातात दिलं. बशा घेताना तिनं नेहमीसारखं माझं मनगट दाबलं होतं, हे आत्ता आठवलं.

तरीही उद्या तिनं सुगले म्हणावं. एवढं मागते.

बारा वाजून गेले. अजून एक राहिलं. बैठकीत मुलीची आई वहिनीला हळूच विचारत होती, "नाव काय ठेवायचं ठरवलंय?" वहिनी म्हणाली, "बघू, राशीवरून अक्षर काढतील." ती मुलगी तिथंच बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. मी बघितलं आणि बशा उचलून आत गेले.

दादाच्या यादीत तांब्याचं ताट आणि सव्वा किलो तांदूळ लिहिलेले आहेत, मीच वाचून दाखवली ती यादी. उद्या शाळा सुटली की दादाकडं जाते. त्याला सांगते, ते ताट आणायच्या आधी पोरीला फोन लाव आणि तिला विचार. तिला नवं नाव हवं असलं तर मी स्वतः तांदूळ पसरीन. नको असलं तर तिचंच आहे ते लिहा की अंगठीनं, तांदळाला काय फरक पडतोय. दादा म्हणेल, तुझं काय मधेच? म्हणू दे. वहिनीला आधी गाठावं, ती ऐकेल. तिचं माहेरचं नाव काय होतं, ते मात्र मला आत्ता आठवत नाही. तेही उद्या विचारायचं.