नवस आईचा, पाय माझे

ठाण्यात तलावपाळीच्या चर्चमधून पहाटे आशीर्वाद घेऊन नाशिकरोडला चालत निघालो तेव्हा चांगली थंडी होती, माजिवडा येईपर्यंत स्वेटर कमरेला गेला आणि खारेगाव येईपर्यंत माझं डोकं फिरलं. कारण टेम्पोवरचा स्पीकर. एकच गाणं, तेच कडवं, मध्येच ब्लूटूथ तुटायचा आणि ती मशीनमधली बाई काहीतरी बोलायची, मग परत पहिल्यापासून. पुढे मानकोली, रांजनोली, रस्ता रुंदीकरणाची धूळ, गोडाऊनचे ट्रक आणि त्यातच जपमाळ. नमो मरिया म्हणायला तोंड उघडलं की अर्धी माती आत. शिट्टीवाले काका मागून ओरडतायत, एका रांगेत चला, एका रांगेत चला. बरोबरच होतं त्यांचं, तरी राग येत होता.

बाळ येशूच्या सणाला फेब्रुवारीत नाशिकरोडला चालत जाणाऱ्यांना हे सगळं सांगायला नको. ठाण्याहून दीडशेच्या आसपास किलोमीटर. आणि नवसाशिवाय सहसा कोणी एवढं चालत नाही. आमच्या गटात एकाचं पोटाचं ऑपरेशन होतं, एकीच्या मुलाचा कॅनडाचा व्हिसा अडकलेला, एकीने तर दारू सुटावी म्हणून नवऱ्यालाच चालायला आणलं होतं आणि तो बिचारा सगळ्यांच्या बॅगा उचलत होता. मी लग्नासाठी. म्हणजे नवस आईने बोललेला, पाय फक्त माझे. तिचे गुडघे गेलेत म्हणून.

एका आंटीने बायपासलाच विचारलं, "तू कशासाठी गं?" मी म्हटलं असंच. "असंच कोण चालतं?" मग दुसरीनेच माझ्या वतीने सांगून टाकलं, अगं तिचं जमत नाहीये ना कुठे. झालं, पडघ्यापर्यंत सगळ्या गटाला माहीत. त्यानंतर जो तो माझ्यासाठी जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा नमो मरिया, म्हणायला लागला. प्रेमानेच म्हणत होते, पण मला मेल्याहून मेल्यासारखं.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनाच कळेल. लोक येतात, केक खातात, तू कुठल्या पॅरिशची, क्वायरमध्ये आहेस का, पगार किती, आणि "कळवतो" म्हणून जातात. एका घरून निरोप आला की मुलगी जास्त बोलते. पुढच्या वेळी मी गप्प बसले तर ते म्हणाले मुलगी घुमी आहे. एकांना रंग, एकांना वय, एकांना माझा पगार त्यांच्या मुलापेक्षा जास्त म्हणून. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातही तेच, अप्रेझलला नुसतं "गुड" मिळालं की घरी येईपर्यंत बसमध्ये त्या एका शब्दाचा कीस पाडत बसायचं. चर्चमध्ये स्तोत्र म्हणून खाली उतरले की डोळे आधी हेच शोधणार की कोण बघतंय, कोण छान झालं म्हणतंय. देवासाठी गायचं आणि मार्क माणसांकडून घ्यायचे.

नंतरचे दिवस एकमेकांत मिसळलेत. कुठल्या गावच्या शाळेत झोपलो, पिठलं कुठे आणि खिचडी कुठे, आता सांगता येणार नाही. एका मुक्कामाला फादरनी मिस्सात प्रवचन केलं, यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्यावर. मी भिंतीला टेकून अर्धी झोपेत. आकाशातून वाणी झाली, हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. फादरनी विचारलं, तोपर्यंत येशूने काय केलं होतं? एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही, एकही शिष्य नाही. नाझरेथमध्ये सुतारकाम केलं एवढंच. मग बाप कशावर खूश होता? त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकायच्या आत मला झोप लागली.

आटगावच्या पुढे ती दुपार. सकाळपासून डाव्या टाचेला काहीतरी चावत होतं, मी लक्ष दिलं नाही, कारण थांबले असते तर टेम्पोत बसवलं असतं आणि टेम्पोत बसलेल्यांकडे बाकीचे कसे बघतात ते मी बघितलेलं. म्हणून लंगडत चालले. गट पुढे गेला, झेंडा दिसेनासा झाला, स्पीकरही ऐकू येईना. ऊन म्हणजे फेब्रुवारीतलं वाटतच नव्हतं, कसाऱ्याकडे जाणारे कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जायचे आणि प्रत्येक वेळी गरम हवेचा धक्का बसायचा. मी येशूचं नाव घेत होते आणि मध्येच त्याच तोंडाने शिव्याही देत होते, कोणाला माहीत नाही.

रस्त्याच्या कडेला एक बाई बोरं विकत बसली होती, पुढ्यात गोणपाट, त्यावर बोरांचे वाटे. वयाने आईएवढी असेल, कदाचित कमीही, उन्हात काम करणाऱ्यांचं वय कळत नाही. मी तिच्यासमोरून दोन पावलं पुढे गेले तर मागून आवाज, "ए बाय, बस इथं. पाय बघू."

मी म्हटलं नको मावशी, उशीर होतोय. ती म्हणाली, "असं चाललीस तर उद्याच पोचशील." बसले. सॉक्स काढायला लागले तर तो फोडाला चिकटलेला, डोळ्यातून पाणी आलं. तिने बाटलीतलं पाणी ओतून तो भिजवला आणि हळूहळू, खरंच हळूहळू सोडवला. मग माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. दिवसभराचा घामट, धुळीचा, वास येणारा पाय. मी ओढून घ्यायला लागले तर तिने घोटा घट्ट धरला. येशूचा शिष्य पेत्र आठवला मला, येशू पाय धुवायला आला तेव्हा तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत म्हणणारा. लहानपणापासून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात ते बघत आलेय, पण तेव्हा सगळे घरून पाय स्वच्छ धुवून येतात, नखं कापून.

तिच्या बांगडीला सेफ्टी पिना लटकत होत्या. एक काढली, काडी पेटवून तिचं टोक तापवलं आणि फोड कडेने टोचला. कातडं काढू नको म्हणाली, आपोआप पडेल. पाणी दाबून काढलं. पदराच्या गाठीत बांधलेलं काहीतरी असेल असं मला उगाच वाटत होतं, कुठली जडीबुटी वगैरे, पण तसं काही नव्हतं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि बांधली. हे करता करता विचारलंच, "पोरं किती?"

मी म्हटलं, लग्न नाही झालेलं.

"बरं," म्हणाली आणि गाठ मारली.

बस एवढंच. का नाही, वय किती, बघतायत का, होईल गं, काही नाही. मी वाट बघत होते पुढच्या प्रश्नाची, उत्तरंही तयार होती, इतक्या वर्षांत पाठ झालीत. ती तोपर्यंत दुसऱ्या पायाचा सॉक्स काढत होती, तिकडे पण बघू म्हणून. माळ बघून कुठे चाललात तेही विचारलं नाही. मी चांगली आहे की वाईट, गाते कशी, कमावते किती, तिला काहीच माहीत नव्हतं आणि माझा पाय तिच्या मांडीवर होता. तेव्हा झोपेत अर्धवट ऐकलेलं ते यार्देनचं प्रवचन एकदम समोर आलं. काही केलं नव्हतं तरी बाप संतुष्ट होता. आधी संतुष्ट, काम मागून. मला कायम वाटायचं की देव पण बघायला आलेला आहे, केक खाऊन कळवतो म्हणणार. तर तसं नसावं. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, तिला वाटलं दुखतंय.

पैसे द्यायला गेले तर पायाचे घेतले नाहीत. बोरांचे मात्र पूर्ण घेतले, वाटा वीस रुपये, एक बोरही जास्त टाकलं नाही. बोरं आंबट होती.

गट खर्डीला भेटला, शिट्टीवाल्या काकांची बोलणी खाल्ली. कसारा घाट पहाटे चढलो, इगतपुरी, घोटी, पुढे सगळा सरळ कंटाळवाणा रस्ता. घाटात स्पीकरची बॅटरी गेली (देव आहे) तेव्हा काकांनी मला गायला सांगितलं. वर पोचल्यावर त्या दशकवाल्या आंटी म्हणाल्या किती गोड गातेस गं, आणि मला ते आवडलं, भरपूर आवडलं. लगेच काही संत झाले नाही मी. फक्त पूर्वी त्या नसत्या बोलल्या तर नाशिकरोड येईपर्यंत झुरले असते, आता तसं झालं नसतं असं वाटतं. नक्की सांगता येत नाही, कारण त्या बोलल्याच.

नाशिकरोडला ही गर्दी. रांगेत पुढे एक रिटायर्ड शिक्षक होते, त्यांनी बाळ येशूच्या प्रागमधल्या मूळ मूर्तीची गोष्ट सांगितली. आत लाकूड, वरून मेण, 1628 मध्ये एका सरदार घराण्यातल्या बाईने कार्मेलाइट संन्याशांच्या मठाला दिलेली. पुढे लढाईत मठ लुटला गेला, मूर्ती वेदीमागच्या कचऱ्यात पडली, कित्येक वर्षं कोणाला पत्ता नाही. 1637 मध्ये फादर सिरिलना सापडली तेव्हा दोन्ही हात तुटलेले. त्यांनी ती तशीच, बिनहाताची, प्रार्थनेला ठेवली, हात नंतर बसवले. आम्हाला कॅलेंडरवर मुकुट आणि झगाच माहीत. मी समोर पोचले तेव्हा ते हातच बघत राहिले, मग स्वयंसेवकाने पुढे ढकललं, पुढे चला पुढे चला.

बाहेर आल्या आल्या आईचा फोन. "मागितलंस?"

"मागितलं."

"काय?"

"तुझे गुडघे बरे होऊ दे."

"अगं, एवढं चालून गेलीस आणि माझे गुडघे?" खूप चिडली. मग म्हणाली, रविवारी डोंबिवलीचे लोक येतायत, त्या आत ये म्हणजे झालं.

आले. अंगठ्याचं नख काळं पडलंय, सँडल जात नाही पायात. स्लिपर घालूनच बसणार आहे, आणि बोलायचं असेल तेवढं बोलणार आहे.