मागच्या खोलीतली आवराआवर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची मागची खोली गावात 'म्युझियम' म्हणूनच ओळखली जाते. एका निवृत्त गुरुजींनी घरोघरी मागून जमवलेल्या वस्तू तिथं आहेत. पेरणीची तिफण, निंदणीचं डवरं, धान्य मोजायच्या पायल्या-कुडव, बैलांच्या घागरमाळा, तान्ह्या पोळ्याचे म्हणजे पोरांच्या पोळ्याचे लाकडी नंदी. पाहुणे यायचे नि दारातूनच परतायचे, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. समितीच्या दर बैठकीत मागणी तीच: नवीन खोली बांधा.

मला ते पटत नव्हतं. रोमच्या 'इक्रोम' या आंतरराष्ट्रीय संस्थेनं युनेस्कोसोबत लहान संग्रहालयांसाठी 'री-ऑर्ग' नावाची पद्धत काढली आहे. २०११ च्या त्यांच्या पाहणीत जगातल्या संग्रहालयांच्या कोठारांतला साधारण ६० टक्के संग्रह धोक्यात असल्याचं निघालं होतं. म्हणजे रडणारे आपण एकटेच नाही. त्यांचे नियमही साधे आहेत. कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडावी, ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत, थेट जमिनीवर काही ठेवू नये. आणि कोठारात फक्त संग्रहच असावा.

भांडण झालं ते या शेवटच्या नियमावरून. खोलीत मंडपाचे बांबू, कुठल्या कुठल्या मोहिमांचे बॅनर, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि बंद पडलेला कूलर. कूलर काढायला घेतला तर आमचे शिपाई काकाजी म्हणतात, "ताई, हा बी जुनाच आहे नं, राहू द्या ना आतमंधी!" यावर काय बोलणार? पण हे सगळं बाहेर गेलं आणि जवळपास अर्धी खोली मोकळी झाली. नव्या खोलीचा विषय मग कुणी काढला नाही.

झाडताना एका नंदीच्या पोटाखाली मैद्यासारखा बारीक भुसा दिसला. लाकडात टाचणीएवढी भोकं. नंदी झटकून काळ्या कागदावर ठेवला. सकाळी कागदावर पुन्हा भुसा, म्हणजे कीड जिवंत होती. डांबरगोळ्यांवर माझा विश्वास नाही, त्यांच्या वासानं माणूसच पळतो. नंदी प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हवा काढून तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि आइस्क्रीमवाल्या दादांच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे २० च्या आसपास, दोन आठवडे ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली वस्तू खोलीइतकी गरम होईपर्यंत थांबायचं, म्हणजे दव पिशवीवर जमतं, लाकडावर नाही. हा नंदी बिनरंगी होता म्हणून हे जमलं. रंगवलेल्या लाकडावर हा प्रयोग करू नका, रंगाचे पापुद्रे सुटू शकतात.

अँगलचे जुने रॅक घासून रंगवले, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर घेतला. रॅकना अ, ब, क आणि कप्प्यांना आकडे. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, नंबर पेन्सिलनं लिहिला. पावसाळ्याच्या ओलीत पेनाची शाई फुटते. तोच नंबर रजिस्टरला. शाळेच्या पोरांना मोबाईलवर वेळ लावून वस्तू शोधायला लावल्या. त्यांना तो खेळच वाटला.

राहिली तिफण. ती रॅकवर मावत नाही आणि टांगावी तर चाड्याखालच्या, म्हणजे बी सोडायच्या वाटीखालच्या, बांबूच्या नळ्यांवर ताण येतो. पोळा झाला की सुताराकडून ती टेकवायला दोन लाकडी घोड्या (स्टँड) करून घ्यायच्या आहेत. पैसे समिती देणार की माझ्याच पर्समधून जाणार, हे पुढच्या बैठकीत कळेल.