बर्गमन नाही, बॅर्यमान

आमच्या स्वीडिशच्या क्लासला, म्हणजे एसएफआयला (बाहेरून आलेल्या लोकांसाठी इथे सरकारी फुकट भाषावर्ग असतो, तोच), बाईंनी मे महिन्यात फर्मान काढलं की प्रत्येकाने कुठल्याही एका स्वीडिश माणसाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, कागद न बघता. फुटबॉलवाला झ्लाटान तिघांना हवा होता, मिळाला एकालाच, आबा बँड दोघींनी वाटून घेतला, आणि मी आपलं हात वर करून "इंग्रिड बर्गमन" म्हटलं. बाई म्हणाल्या, कोण? मी परत म्हटलं, जरा मोठ्याने, जसं काही त्यांना कमी ऐकू येतंय. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला, "आ! इंग्रिड बॅर्यमान!"

झालं असं की स्वीडिशमध्ये र च्या मागे शेवटी ग आला की त्याचा य होतो. आम्ही राहतो ते गावसुद्धा गोथेनबर्ग नाही, इथले लोक योतेबोर्य म्हणतात. हे मला चार वर्षांपासून माहितीये, रोज ट्राममध्ये ऐकते, पण तिच्या नावाला तो नियम लावायचं कधी सुचलंच नाही. कारण माझ्या डोक्यात ती स्वीडिश नव्हतीच, कासाब्लांकावाली हॉलिवूडची हिरॉइन होती, विषय संपला. मग लायब्ररीतून पुस्तकं आणली, डिक्शनरी घेऊन बसले आणि पाच मिनिटांसाठी तीन आठवडे घालवले. नवरा म्हणाला पीएचडी करतीयेस का.

तर जन्म स्टॉकहोमचा, 29 ऑगस्ट 1915. आई जर्मन, वडील स्वीडिश, त्यांचं स्ट्रांडव्हेगनवर फोटोचं दुकान होतं. स्टॉकहोमला गेलात तर हा रस्ता चुकवू नका, एका बाजूला पाणी, एका बाजूला राजेशाही बिल्डिंगा, आणि टोकाला द्रामातेन, म्हणजे इथलं रॉयल नाट्यगृह, पांढऱ्या दगडाचं आणि सोनेरी नक्षीचं. म्हणजे दुकानातून निघून पोरगी चालत चालत थेट देशातल्या सगळ्यात मोठ्या नाट्यगृहाच्या पायरीशी. आई गेली तेव्हा ही जेमतेम अडीच-तीन वर्षांची. वडिलांना चलतचित्र कॅमेऱ्याचंही वेड, त्यामुळे छोटी इंग्रिड आईच्या थडग्यावर फुलं ठेवतीये असं शूटिंग आजही बघायला मिळतं. मी ते यूट्यूबवर रात्री बघितलं आणि मग झोप येईना. फ्रॉक घातलेलं एवढंसं पोर, वाकून फुलं ठेवतंय, आणि कॅमेऱ्यामागे तिचा बाप. पुढे तिच्या तेराव्या वर्षी वडीलही गेले, मग सांभाळणारी आत्या सहा महिन्यांत गेली, मग काकांच्या घरी, पाच चुलत भावंडांत.

1933 मध्ये द्रामातेनच्या शाळेची प्रवेश परीक्षा. हा किस्सा मला सगळ्यात आवडला. बाकीच्या मुली रडक्या, गंभीर भूमिका घेऊन येणार हे धरून हिने मुद्दाम एक हसरी, दांडगट गावची पोर बसवली. विंगेतून उडी मारूनच स्टेजवर आली, मोठ्याने हसली, पहिली ओळ म्हटली, आणि समोर बघते तर परीक्षक एकमेकांशी बोलतायत, हिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. दुसऱ्या वाक्याला तर "बास, धन्यवाद" म्हणून घालवलंच. ती बाहेर आली आणि समोरच्या पाण्याकाठी जाऊन उभी राहिली, आता जीव द्यावा म्हणून, पण पाणी घाण दिसलं म्हणून म्हणे विचार बदलला! (ते पाणी मी बघितलंय, आता स्वच्छ आहे, बोटी लागतात.) खूप वर्षांनी त्या परीक्षकांपैकी एकाने तिला सांगितलं की अगं तू विंगेतून उडी मारलीस तेव्हाच आम्ही ठरवलं होतं, पुढचं बघायचं कशाला.

शाळा तिने एका वर्षात सोडली, कारण सिनेमाने बोलावलं. द्रामातेनला ते अजिबात रुचलं नाही. 1936 मध्ये इंटरमेझो आला, तिकडे अमेरिकेत सेल्झनिक नावाच्या निर्मात्याने तो पाहिला आणि 1939 ला तिला त्याच सिनेमाच्या इंग्रजी आवृत्तीसाठी बोलावून घेतलं. तोवर हिचं लग्न झालेलं, नवरा पेत्तर लिंडस्त्रोम डेंटिस्ट, मुलगी पिया वर्षाचीसुद्धा नाही. तर सेल्झनिकसाहेब म्हणाले नाव बदलू, फार जर्मन वाटतं, भुवया जाड आहेत, दातांचंही बघू. ही म्हणाली मग मी परत जाते. चोवीस वर्षांची नाही अजून, इंग्रजी धड येत नाही, आणि हॉलिवूडच्या शेठला तोंडावर नाही! मी तर माझ्या पहिल्या ऑफिसात माझ्या नावाचा उच्चार चुकीचा चालवून घेतला होता, तीन वर्षं, कशाला उगाच म्हणून. शेवटी सेल्झनिकनेच त्याची जाहिरात केली, की बघा, ही नैसर्गिक!

कासाब्लांका, गॅसलाइट (1944, पहिलं ऑस्कर), हिचकॉकचे सिनेमे, हे सगळं तुम्हाला गूगलवर मिळेल, मी त्यात शिरत नाही. मला त्यापेक्षा नाटकाचं सांगायचंय. 1946 ला ती ब्रॉडवेवर जोन ऑफ आर्कची भूमिका करणार होती आणि आधी वॉशिंग्टनला प्रयोग होते. तिथे गेल्यावर कळलं की त्या थिएटरात काळ्या लोकांना तिकीटच देत नाहीत. हिने पत्रकारांना सरळ सांगितलं, हे आधी कळलं असतं तर आलेच नसते. पाहुणी म्हणून आलेली बाई, तिथल्या लोकांच्या जिवावर स्टार झालेली, आणि त्यांच्या राजधानीत बसून त्यांनाच हे सुनावते. पुढच्या वर्षी टोनी अवॉर्ड (म्हणजे नाटकवाल्यांचं ऑस्कर) सुरू झाले, त्या पहिल्याच वर्षी तिला मिळाला.

आता ते रोसेलिनी प्रकरण. 1948 मध्ये या इटालियन दिग्दर्शकाचे सिनेमे बघून हिने त्याला पत्र टाकलं. मजकूर असा, की तुम्हाला अशी स्वीडिश नटी हवी असेल जिला इंग्रजी चांगलं येतं, जी जर्मन विसरलेली नाही, जिचं फ्रेंच फारसं कळत नाही आणि इटालियनमध्ये जिला फक्त "ती आमो" येतं, तर मी येऊन तुमच्यासोबत काम करायला तयार आहे. "ती आमो" म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे! हे पत्र मी क्लासच्या दृष्टीने वाचत होते, म्हणजे भाषांचा बायोडेटा म्हणून, आणि मग लक्षात आलं की बाईने काय आग लावलीये. 1949 मध्ये स्ट्रॉम्बोली बेटावर शूटिंग, फेब्रुवारी 1950 ला मुलगा झाला, पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट अजून व्हायचाय, आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये कोलोरॅडोचे एक सिनेटर उभे राहून तिच्या नावाने शिमगा करतात. सिनेटमध्ये! देशाला दुसरं काम नव्हतं. बावीस वर्षांनी, 1972 ला, दुसऱ्या एका सिनेटरने त्याच सिनेटच्या कामकाजात तिची माफी मागितल्याचं नोंदवलं, ते एक बरं केलं.

पण खरी शिक्षा सिनेटने नाही दिली. पिया अमेरिकेत बापाकडे राहिली. 1951 नंतर मायलेकींची गाठ पडली ती थेट 1957 ला. आणि मायदेशातल्या लोकांनीही काही पोटाशी धरलं नाही बरं का. 1955 मध्ये ती स्टॉकहोमच्या ऑपेरात परत जोनचीच भूमिका घेऊन आली तर इथल्या पेपरांनी यथेच्छ झोडपलं. इथे एक शब्द आहे, यांतेलागन, म्हणजे तू कुणी खास आहेस असं समजू नकोस असा अलिखित कायदा. ऑफिसात तो चांगला वाटतो, बॉस स्वतः कॉफीचा कप धुतो वगैरे, पण गाव सोडून मोठं झालेल्या माणसाला हाच कायदा कसा चावतो ते या बाईकडे बघून कळलं.

आणि आता आपली मुंबई. जूनमध्ये माझी आई तीन महिन्यांसाठी इकडे आली, मी जेवताना हे सगळं सांगत होते, तर आई वरणभात कालवता कालवता म्हणाली, "अगं म्हणजे तीच ना, ज्याने ती बंगाली बाई पळवून नेली त्याची बायको?" मी थक्क! आईला कासाब्लांका माहिती नाही पण हे माहिती. तिने कुठल्यातरी पुरवणीत वाचलं होतं, आणि वाचलेलं ती विसरत नाही. झालं होतं असं की डिसेंबर 1956 मध्ये इंग्रिड पॅरिसला फ्रेंचमध्ये नाटक करत होती, ज्या भाषेत आपलं बोलणं कळत नाही असं तिने पत्रात लिहिलं होतं त्याच भाषेत, रोज, आणि नाटक जोरात चाललं होतं. त्याच महिन्यात रोसेलिनी भारतावर फिल्म करायला म्हणून मुंबईत उतरला. आणि पुढच्या वर्षी ताजमधल्या मुक्कामाची आणि सोनाली दासगुप्तांची भानगड मुंबईच्या पेपरांत गाजली, सोनाली लहान मुलाला घेऊन त्याच्यामागे युरोपला गेली. आपल्या पुण्याच्या दिलीप पाडगावकरांनी या सगळ्यावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलंय. इंग्रिड आणि रोसेलिनी 1957 मध्ये वेगळे झाले. आई म्हणाली, "केलं तसं भरलं म्हणायचं का?" मी म्हटलं कुणी? तर आईने उत्तर दिलं नाही, लोणचं मागितलं.

तिचं काम मात्र एक दिवस थांबलं नाही. त्याच सुमारास अनास्तासियासाठी दुसरं ऑस्कर मिळालं, जे घ्यायला ती गेलीसुद्धा नाही, पॅरिसात प्रयोग होता, कॅरी ग्रांटने तिच्या वतीने घेतलं. 1958 मध्ये तिसरं लग्न, लार्श श्मित, स्वीडिश नाट्यनिर्माता. स्वीडिश, जर्मन, इंग्रजी, इटालियन, फ्रेंच अशा पाच भाषांत काम केलेली ही बाई. मला एका स्वीडिशमध्ये पाच मिनिटं बोलायला घाम फुटतो. एकदा अमेरिकेच्या दौऱ्यात पायाचं हाड मोडलं तर व्हीलचेअरवर बसून प्रयोग केले, कॅन्सल नाही केले. तिसरं ऑस्कर मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेससाठी, त्यात दिग्दर्शक तिला राजकन्येची मोठी भूमिका देत होता, हिने हट्टाने बावळट स्वीडिश मिशनरी बाई मागून घेतली आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलून ऑस्कर नेलं! आम्हा एसएफआयवाल्यांना यात केवढा दिलासा आहे बघा.

1978 ला ती अखेर स्वीडिशमध्ये परतली, ऑटम सोनाटा, दिग्दर्शक इंग्मार बर्गमन (नातं काही नाही, आडनावबंधू). करिअरसाठी मुलीकडे पाठ फिरवलेली पियानोवादक आई. पात्र सात वर्षं मुलीला भेटलेलं नसतं, हे तिला पटेना, असं कुठे असतं का म्हणून ती दिग्दर्शकाशी वाद घालत बसली. आता वर मी पियाचं लिहिलंय ते परत वाचा, 1951 ते 1957. मी ते मोजून बघितलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्या वेळी तिला कॅन्सर झालेला होता. त्यानंतरही तिने टीव्हीसाठी इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांची भूमिका केली, आणि 29 ऑगस्ट 1982 ला, बरोब्बर सदुसष्टाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये गेली.

जुलैत आम्ही आईला घेऊन फ्येलबाकाला गेलो. योतेबोर्यहून उत्तरेला गाडीने दोनेक तास, नॉर्वेच्या दिशेने. गुलाबी-करड्या खडकाचा एक प्रचंड डोंगर आणि त्याच्या पायाशी लाकडी घरांचं गाव, बोटी, कोळंबीचं सँडविच दोनशेच्या वर क्रोनांना (आईला रुपयांत सांगितलं नाही). समोरच्या समुद्रात दानहोल्मेन नावाचं खडकाळ बेट आहे, लार्श श्मितचं, तिथे ती दर उन्हाळ्यात यायची. तिची राख बरीचशी तिथल्याच पाण्यात सोडली, उरलेली स्टॉकहोमला आईवडिलांशेजारी. गावच्या चौकाला तिचं नाव दिलंय आणि तिथे तिचा अर्धपुतळा आहे, तोंड समुद्राकडे करून. पुतळ्याच्या डोक्यावर सीगल बसला होता. शेजारी पोरं आइस्क्रीम खात होती, कुणी वर बघतही नव्हतं. आईने पर्समधून रुमाल काढला, सीगलला हाकललं आणि चबुतऱ्याचा हाताला येईल तेवढा भाग पुसला, जसं काही आपल्याच घरचं आहे. मी म्हटलं अगं लोक बघतायत. "बघू देत," म्हणाली, "पोरीला सहा वर्षं न भेटता काढायची म्हणजे..." आणि पुढे काही बोलली नाही. मी चार वर्षांत सांगलीला एकदाच गेलेय, ते तिला म्हणायचं होतं की नाही मला अजून कळलेलं नाही.

क्लासमध्ये माझा नंबर ऑगस्टमध्ये आला. मी बॅर्यमान एकदाही चुकले नाही. मुंबईचा भाग आला तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं, त्यांना हे माहितीच नव्हतं, ताज कुठे, समुद्रावर का, बंगाल मुंबईपासून किती लांब, असं विचारत सुटल्या आणि पाच मिनिटांची अकरा झाली. माझ्यानंतर झ्लाटानवाला सीरियाचा मुलगा होता. त्याला तीन मिनिटं उरली, ती त्याने फक्त गोलांवर घालवली.