आमची वाटचाल: आठ लेव्हल आणि एक पेटी

कोल्हापुरात 1994 साली आम्ही दोघांनी भागीदारीत अभिनयाचा वर्ग सुरू केला. मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटके बसवत असे, शिकवण्याचे काम माझ्याकडे होते. माझे भागीदार रंगभूषा उत्तम करत आणि शाळांच्या मुख्याध्यापकांशी त्यांचे चांगले जमे, म्हणून स्नेहसंमेलनांची कामे आणि हिशेब त्यांच्याकडे होता. नोव्हेंबर ते जानेवारी स्नेहसंमेलने, उन्हाळ्यात शिबिर, उरलेले वर्षभर वर्ग, या चाकावर पुढची तेवीस वर्षे चालली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही, कारण ती बरी गेली.

सुरुवातीच्या भांडवलात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली हातपेटी, म्हणजे हार्मोनियम. अभिनयाच्या वर्गात पेटी कशाला, असे पालक अजूनही विचारतात. ज्या गावात पेटीवादक गोविंदराव टेंबे होऊन गेले, त्या गावाने हा प्रश्न विचारू नये, असे मला वाटते. आमच्याकडे पहिले तीन महिने कोणाच्याही हाती संहिता देत नाहीत. मुलाने पेटीसमोर बसायचे, घरी आईशी बोलतो तसे एक वाक्य बोलायचे, आणि तो कोणत्या सुरात बोलतो ते मी पेटीवर शोधायचे. बहुतेकांना स्वतःचा सूर ठाऊक नसतो. एरवी काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास बोलणारा मुलगा नायकाचे काम मिळाले की आवाज खर्जात ओढतो, वाक्य संपेपर्यंत त्याचा दम सरतो आणि शेवटचा शब्द घशातच राहतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे नायकाने नेमके काय केले हेच प्रेक्षकांना कळत नाही. हा दोष दूर करायला मला कधी तीन महिने लागतात, कधी वर्ष, आणि त्याला दुसरी युक्ती मला सापडलेली नाही.

दुसरी गोष्ट आठ लेव्हलची, म्हणजे रंगमंचावर उंचवटा करायला मांडायच्या लाकडी बैठकांची. सुताराला समोर बसवून ते करून घेतले होते: देवदाराचा सांगाडा, वर प्लायवूड, प्रत्येक सहा फूट बाय तीन फूट. आठ, सोळा, चोवीस आणि बत्तीस इंच अशा चार उंचींच्या चार जोड्या होत्या, आणि त्यांच्यावर ऑइल पेंटने एक ते आठ आकडे घातले होते. जोडी एकमेकांना लावली की सहा बाय सहाचा चौथरा होतो, त्यावर दरबार भरतो, देऊळ उभे राहते, चाळीचा जिना चढतो. आजकाल लोखंडी घडीचे लेव्हल मिळतात. त्यावर नट धावला की टणटणाट होतो आणि शोकप्रसंगाचे मातेरे होते. ज्यांना नवे करून घ्यायचे असतील त्यांनी लाकडीच घ्यावेत आणि खाली रबराच्या पट्ट्या मारून घ्याव्यात.

आमचे सर्वांत जुने ग्राहक इचलकरंजीचे एक जॉबर, म्हणजे यंत्रमागांची देखभाल करणारे कारागीर, आहेत. ते 1998 साली पहिल्यांदा आले. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा रस्त्यावर ऐकू येत असे, आणि बोलताना समोरच्याच्या ओठांकडे पाहण्याची त्यांना सवय जडली होती. मी त्यांचा आवाज उतरवण्यात सहा महिने घालवले, पण ओठ पाहण्याच्या त्या सवयीला हात लावला नाही. सहनटाकडे इतके एकाग्र होऊन पाहणारा नट मला त्यानंतर मिळालेला नाही. सुट्टीच्या दिवशी ते एसटीने येत, रोख फी देत आणि पावती घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत. कलेचा धंदा करता, असे कोणी मला टोचून बोलले की मी या जॉबरांचे उदाहरण देतो आणि जोडीला रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचेही. ज्याच्या पद्धतीचे नाव आज प्रत्येक अभिनयवर्गाच्या माहितीपत्रकात असते, तो मॉस्कोच्या सोन्याचांदीच्या जरीच्या तारा काढणाऱ्या कारखानदार घराण्यातला होता. त्याने 1898 साली मॉस्को आर्ट थिएटर उभे केले, तरी घरच्या कारखान्याची जबाबदारी तो पाहतच होता. तार आणि सूत यांचा नाटकाशी संबंध जुना आहे.

आता 2017 सालाबद्दल. त्या सुमारास कोल्हापूरच्या आसपास दैनंदिन मालिकांचे चित्रीकरण वाढले होते आणि आमच्या वर्गातल्या दोन मुलांना किरकोळ कामे मिळाली होती. माझ्या भागीदारांचे म्हणणे पडले की तीन महिन्यांचा ‘कॅमेरा अभिनय’ वर्ग काढावा, छायाचित्रांचा संच करून द्यावा आणि मालिकेत काम मिळेल असे सूचित करावे. ‘सूचित’ हा शब्द त्यांचाच. तीन महिन्यांत आमचा मुलगा जेमतेम स्वतःच्या सुरात बोलू लागतो, असे मी म्हणालो. ते म्हणाले, कॅमेऱ्याला सूर लागत नाही, ध्वनिमुद्रक सांभाळून घेतो. हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही.

भागीदार फुटणे आपल्या रंगभूमीला नवे नाही. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे तिथूनही बाहेर पडले. तेव्हा निदान मराठी नाटकाला त्यातून काही मिळाले. आमच्या फुटण्यातून दोन गल्ल्या पलीकडे एक चकचकीत पाटी निघाली. तेवीस वर्षांची विद्यार्थ्यांची वही त्यांच्याच अक्षरात होती, ती त्यांच्याकडे गेली. पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे अकरा मुले उरली, आणि स्नेहसंमेलनाची एकही शाळा उरली नाही.

सामानाची वाटणी त्यांनी केली. पेटी मला ठेवली आणि लेव्हल चार-चार वाटले: विषम आकड्यांचे मला, सम आकड्यांचे त्यांना. प्रत्येक उंचीचा एक तुम्हाला, एक मला, याहून न्याय्य वाटणी कोणती, असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. उत्तर पहिल्या तालमीला सुचले. तीन फुटांवर दरबार भरत नाही. चारही जोड्या फुटल्यामुळे दोघांकडेही चार फळ्या तेवढ्या राहिल्या. चौथरा लागेल तेव्हा मी भाड्याने आणू लागलो, आणि तेही आणत असल्याचे मला मंडपवाल्याकडून कळले. नव्याने भागीदारीत उतरणाऱ्यांना सांगतो: नफ्याची टक्केवारी नंतर लिहा, आधी सामानाची यादी करा आणि जोडीने वापरायच्या वस्तू जोडीनेच एकाकडे जातील असे कलम घाला. विद्यार्थ्यांची वहीही दोन प्रतींत ठेवा.

दोन वर्षे मी वर्ग कसाबसा चालवला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात वर्गाच्या खोलीत कमरेएवढे पाणी शिरले. पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. लेव्हलचे प्लायवूड फुगले, ते बदलून घेतले, सांगाडे मात्र तसेच राहिले. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा मी जागा सोडण्याचे पत्र लिहून ठेवले होते. त्याच आठवड्यात इचलकरंजीहून जॉबरांचा फोन आला आणि त्यांनी वर्षाची फी आगाऊ पाठवली. त्यांचे स्वतःचे माग तेव्हा बंद होते. मी पैसे परत करू लागलो, तर ते म्हणाले, “सर, पावती द्या फक्त.” ते पत्र मी घरमालकांना दिले नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये पन्नास टक्के आसनांवर नाट्यगृहे पुन्हा उघडली, मुले हळूहळू येऊ लागली, आणि आज सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही तुकड्या भरलेल्या असतात.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभे केलेले हे नाट्यगृह केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळत होते. बातमी कळताच अर्धे गाव खासबागेकडे धावले, मीही गेलो. त्या रंगमंचावर मी पहिले नाटक बसवले होते. गर्दीत माझ्या शेजारी कोण उभे आहे, हे मला बऱ्याच वेळाने दिसले. सात वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

“आपले लेव्हल आत होते का हो?” त्यांनी विचारले.

माझे वर्गातच आहेत, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ ज्वाळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, एका कार्यक्रमासाठी त्यांनी सहा आणि आठ नंबर आत ठेवले होते.

माझ्याकडे एक, तीन, पाच आणि सात आहेत. सुतार दर दिवाळीला विचारतो, जोड करून देऊ का म्हणून. मी अजून हो म्हटलेले नाही.