तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सीपीयूत नवी हार्ड डिस्क बसते का?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. कुणाच्या वडिलांचा पीसी असतो, कुणाच्या दुकानातला बिलिंगचा, आणि विचारणं एकच, "दादा, मशीन पंधरा वर्षं जुनं आहे, आत्ताची हार्ड डिस्क त्याला चालेल का?" बसते हो. वायर सुद्धा जुळते. पण नुसतं बसते म्हणून सांगितलं की लोक जाऊन मिळेल ती मोठ्यात मोठी डिस्क आणतात आणि मग दुसऱ्या दिवशी फोन येतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

उदाहरण काकांच्या मशीनचंच देतो. काकांची मिरजेत छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांचे अहवाल असलं काम. मशीन २००८ चं, जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ, विंडोज एक्सपी, त्यात पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी, मागे ते सॉफ्टवेअर चालायला लागणारं डोंगल लावलेलं. आता "नवीन पीसी घ्या की" म्हणणं सोपं आहे पण त्या फाइली युनिकोडच्या नाहीत, तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात, आणि काकांचं गिऱ्हाईक येऊन म्हणतं की मोठ्या मुलीच्या वेळी छापलेली तीच पत्रिका फक्त नाव बदलून द्या. म्हणजे ते मशीन चालतं राहणं ही गरज आहे, हौस नाही. आतली १६० जीबीची डिस्क टक टक वाजायला लागली आणि काकांनी फोन केला, "अरे, सुरू व्हायला दहा मिनिटं घेतंय, आणि आतून आवाज येतोय बघ."

पहिली गोष्ट, आवाज करणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवू नका, कृपा करून. ती तपासत बसते, दुरुस्त करायला जाते, आणि तेवढ्यात उरलेला जीव जातो. मी त्यांना फोनवरच बंद करायला सांगितलं आणि गेल्यावर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डीडीरेस्क्यूने कॉपी काढली. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन त्या जागांवर प्रयत्न करतं. रात्रभर चाललं. माझ्याकडे एका जुन्या मशीनमधली ३२० जीबीची धडधाकट डिस्क होती, तिच्यावर सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि एक्सपी तिच्यावरून सुरू झालं.

नवी डिस्क हवी होती ती डेटासाठी. तिथे खरी गंमत कळते, की जुन्या मशीनची अडचण वायरची नसते, मोजण्याची असते. चुलतभावाने आधीच ३ टीबीची आणून ठेवली होती, दुकानदाराने "सगळ्याला चालते" म्हणून दिलेली. लावली तर एक्सपीत दिसली ७४६ जीबी. डिस्क खराब नव्हती. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या ५१२ बाइटच्या प्रत्येक कप्प्याला नंबर असतो आणि तो नंबर ३२ बिटांचा, म्हणजे मोजणी साधारण २.२ टीबीला संपते आणि पुढचं मशीन पुन्हा शून्यापासून मोजल्यासारखं करतं. ३ टीबीतून ते वजा केलं की उरतात साधारण ८०० जीबी, विंडोजच्या मोजणीत ७४६. आधीच्या पिढीत हीच भिंत १३७ जीबीवर होती, नंबर २८ बिटांचा होता तेव्हा, आणि सर्व्हिस पॅक न टाकलेल्या पहिल्या एक्सपीवर लोकांचा डेटा त्यामुळे गेलेला आहे. जीपीटी ही डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत, तिच्यात ही मर्यादा राहत नाही पण ३२ बिटचं एक्सपी जीपीटी वाचतच नाही. विंडोज ७ जुन्या बायोसवर (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) असेल तर मोठी जीपीटी डिस्क डेटासाठी चालते, फक्त तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही, त्यासाठी बायोसची नवी पिढी, म्हणजे यूईएफआय लागतं. म्हणून काकांसाठी ती बदलून २ टीबीची आणली, जी १८६३ जीबी दिसते, आणि दरवेळी मला कुणीतरी विचारतं बाकीचे कुठे गेले, कुठेही गेलेले नाहीत, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

अजून एक बारीक गोष्ट, पण मला फार महत्त्वाची वाटते. आत्ताच्या बहुतेक डिस्कचा खरा कप्पा ४०९६ बाइटचा असतो, बाहेरून ती ५१२ चा आहे असं दाखवते. एक्सपी पार्टिशन म्हणजे डिस्कचे भाग करताना ६३ व्या कप्प्यापासून सुरुवात करतं, ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा दोन खऱ्या कप्प्यांत विभागून पडतो आणि लिहिताना डिस्कला दुप्पट काम होतं. लोक म्हणतात नवी डिस्क स्लो आहे. ती स्लो नाहीये, तिच्यावर रेघा चुकीच्या जागी मारल्यात. विंडोज ७ च्या मशीनवर किंवा लिनक्सवर पार्टिशन करून घ्या, ते २०४८ पासून सुरू करतात, मग एक्सपीत लावा, ते गुपचूप वापरतं. ३२० ची डिस्क जुन्या पद्धतीची होती म्हणून तिथे हा प्रश्नच आला नाही.

आता जोडणी. साटा, म्हणजे बारीक केबलने डिस्क जोडायची पद्धत, २००३ च्या सुमाराला आलं आणि साधारणपणे नवी डिस्क जुन्या पोर्टवर स्वतःहून हळू वेगाला उतरते, त्याची काळजी नको. अपवाद आहे, २००४-०५ च्या व्हीआयए व्हीटी८२३७ चिपच्या बोर्डांना नव्या डिस्कशी वेग ठरवताच येत नाही, डिस्क दिसतच नाही, तिथे डिस्कवर १.५ गिगाबिटचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असेल तरच निभावतं. पट्टा केबलवालं म्हणजे साटाच्या आधीचं, नुसतं आयडीई मशीन असेल तर पीसीआय स्लॉटमध्ये साटा कार्ड टाकता येतं. आणि ३ गिगाबिटचा पोर्ट फिरत्या डिस्कला भरपूर होतो, ती तेवढी पळतच नाही.

पॉवरच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. जुन्या एसएमपीएसला (मशीनला वीज देणारा डबा) साटाची एकच पिन असते, मग लोक चार पिनी मोलेक्सवरून साटा करणारी वायर घेतात. त्या वायरीत दोन प्रकार आहेत, एकात प्लॅस्टिक ओतून डोकं एकसंध केलेलं असतं, दुसऱ्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते. दुसराच घ्या. दोन वर्षांपूर्वी एकाच्या मशीनमध्ये मी पहिल्या प्रकारची लावली होती, आठवड्याने जळका वास आला म्हणून त्याने बंद केलं, उघडलं तर डोकं वितळून डिस्कच्या पिनांना चिकटलेलं. ती डिस्क मी भरून दिली, पण त्यातले फोटो वाचले ते नशिबाने. त्या दिवसापासून ओतीव डोक्याची वायर मी कुणाच्या मशीनमध्ये लावलेली नाही.

एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली चिपवाली डिस्क, घालू का, हेही विचारता. विंडोज ७ किंवा १० असेल तर सी ड्राइव्हसाठी नक्की घाला, २४० जीबी पुरते, फरक तुम्हाला पहिल्या मिनिटात दिसेल कारण फिरती डिस्क प्रत्येक छोट्या फाइलसाठी चकती फिरून येण्याची वाट बघते. नेटवर वाचून बायोसमध्ये एएचसीआय (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत) शोधत बसू नका, जी३१ आणि जी४१ बोर्डांवरच्या साध्या आयसीएच७ चिपला ते नाहीच, त्याच्याशिवायही चालतं. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी विंडोज टाकलेलं असताना ते एकदम बदलू नका, निळा स्क्रीन येतो, आधी रजिस्ट्रीत त्याचा ड्रायव्हर चालू करावा लागतो. एक्सपीवर एसएसडी मी घालत नाही, ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागा एसएसडीला कळवायची सोय, नाही त्यात.

काकांच्या मशीनमध्ये आता ३२० वर एक्सपी आणि २ टीबीवर सगळं काम. सीमॉसचा, म्हणजे बोर्डावरच्या घड्याळाचा सेलही बदलला, सीआर२०३२, तारीख रोज मागे जात होती. तशीच अजून एक २ टीबीची डिस्क बाहेर ठेवलीय, काकूंच्या कपाटात, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रेस बंद असते तेव्हा भाऊ ती लावतो, कॉपी झाली की काढून परत कपाटात.

तुमचं मशीन असेल तर विचारताना बोर्डावर छापलेला नंबर, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो आणि विंडोज कुठलं ते आधी पाठवा. डिस्क त्यानंतर घ्या.