पिवळा होता ना?

आज संध्याकाळी सरांनी नव्या माशाच्या वर्णनाचा मसुदा परत पाठवला. पाठीवरच्या पराचे काटे, पार्श्वरेषेवरचे खवले, कल्ल्यांच्या कमानींवरचे दाते, सगळे तिन्ही नमुन्यांत त्यांनी पुन्हा मोजून पाहिले आणि ही जात वेगळीच आहे याबद्दल त्यांना शंका उरलेली नाही. फक्त ‘जिवंतपणीचा रंग’ या मथळ्यापुढे एक लहानसे प्रश्नचिन्ह आहे, आणि तेव्हापासून माझे दुसऱ्या कशात लक्ष नाही.

तिथे मी ‘शेपटीच्या बुंध्याशी पिवळा पट्टा’ असे लिहिले होते. तो मी पाहिला होता. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर फिशमीलसाठी, म्हणजे मासळीच्या भुकटीसाठी, बाजूला काढलेल्या ढिगातून मावशींनी ते मासे उचलून माझ्या हातावर ठेवले, तेव्हा तो होता. पण मेच्या उन्हात मासे बिघडतील या धास्तीने मी आधी परांचे तुकडे अल्कोहोलमध्ये टाकले, कारण मासे टिकवायचे फॉर्मेलिन लागले की डीएनए खराब होतो; मग मासे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवले, आणि छायाचित्र काढायचे राहिले.

बरणीतला होलोटाइप आता मातकट दिसतो. काळे ठिपके टिकतात, पिवळा-तांबडा रंग मात्र, फॉर्मेलिननंतर मासे ज्या अल्कोहोलमध्ये ठेवतात, त्यात उतरून जातो. ज्या एका माशाशी नव्या जातीचे नाव कायमचे बांधले जाणार, त्याचाच रंग माझ्या हातून गेला. एवढ्या दिवसांच्या कष्टांतून लोकांना हेच दिसेल, असे वाटून मन फार खट्टू झाले. घरून फोन आला, तोही धड घेतला नाही, ते असो. पण खरेच पिवळा होता ना? की दुपारचे ऊन होते?

रात्री सीलाकँथ आठवला, कधीच नामशेष झाला असे समजला गेलेला मासा. डिसेंबर १९३८मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे तिथल्या संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांच्या हाती तो मासा आला, पण तिकडच्या उन्हाळ्यात तो टिकेना आणि आतले अवयव गेले. मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी १९३९मध्ये जे उरले होते त्यावरूनच त्याला नाव दिले. अवयव पाहण्यासाठी १९५२मध्ये कोमोरोस बेटांजवळ दुसरा मासा मिळेपर्यंत त्यांना थांबावे लागले.

मी ते वाक्य खोडले. आता तिथे ‘ताज्या नमुन्यांचा रंग नोंदवलेला नाही’ एवढेच आहे.

पावसाळी बंदी उठली की कॅमेरा घेऊन बंदरावर जायचे आहे. मावशींना फोन करून शेपटी नीट पाहून ठेवायला सांगितले. रंग कोणता, ते मुद्दामच बोललो नाही.